नुसताच फ्लॅश

वामन खोब्रागडे यांचा फोटो मी काढलाच नव्हता. ही एवढीशी गोष्ट मी तीस वर्षांहून अधिक काळ लपवून ठेवली. स्टुडिओच्या मालकांना ती माहीत नव्हती, घरीही नाही. आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवी होती, तिला तर मी उलटंच सांगितलं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मी पंचविशीतला, चंद्रपूरच्या एका स्टुडिओत नोकरीला. ऊर्जानगरला वीज केंद्रातल्या नव्या संचाचं उद्घाटन होतं आणि फोटोंचं काम आमच्याकडे आलं होतं. एका रोलवर बारा फोटो निघत. मालकांनी हातावर दोन रोल ठेवले.

"चोवीस फोटो आहेत आणि पुढारी चाळीस येऊन राह्यले," ते म्हणाले. "बाकीच्यांचं काय करायचं, तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. फ्लॅशच्या मागच्या बाजूला चाचणीचं एक बटण असे. ते दाबलं की कॅमेऱ्याचं शटर न उघडताच लख्ख उजेड पडे. समोरच्याला वाटे, आपला फोटो निघाला. तो समाधानाने बाजूला होई आणि रोल वाचे. आम्ही स्टुडिओत याला कोरा फ्लॅश म्हणायचो. हसत म्हणायचो.

फीत कापून झाली, भाषण सुरू झालं. मंत्री शेवटी रोप लावणार होते. त्यासाठी राखलेले दोन फोटो उरले होते. मी जरा सावलीत जावं म्हणून मंडपामागे गेलो. तिथे कोळसा उतरवणारे ठेकेदाराचे मजूर उभे होते. सगळ्यांच्या डोक्यावर त्या दिवसापुरती मिळालेली कोरी पिवळी हेल्मेटं. त्यांतल्या एकाने आपलं हेल्मेट काढून बायकोच्या डोक्यावर ठेवलं. ते तिच्या भुवयांपर्यंत आलं.

"काढा ना जी, लोक पाहून राह्यले," ती पदर तोंडाशी धरून म्हणाली.

"पाहू दे. मंत्री गेला का जमा करा लागते," तो म्हणाला. "आतापुरती तूच इंजिनेर."

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "भाऊ, आमचाबी एक काढा ना. आमच्या दोघायचा एकबी नाई."

माझ्या कॅमेऱ्यात वरून वाकून पाहावं लागे. काचेवर समोरचं चित्र उजवं-डावं उलट होऊन उमटे. मी पाहिलं. ती हसू दाबत होती आणि ते दाबलं जात नव्हतं. तो कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हता. हेल्मेट घसरू नये म्हणून एक बोट त्याच्या कडेला लावून तिच्याकडे पाहत होता. त्याच्या नखांत कोळसा होता. मागे मंडपाचं कापड वाऱ्याने फुगलं होतं. इतकं पुरं चित्र मला त्याआधी कधी दिसलं नव्हतं.

मी फोकस नीट केला. आणि मागचं बटण दाबलं.

"नाव काय?" मी विचारलं. विचारायची रीत होती.

"वामन खोब्रागडे. हे शेवंता. भद्रावतीकडचे आहो आमी."

पुढच्या उन्हाळ्यात शेवंताबाई स्टुडिओत आल्या. घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रकने वामनभाऊंना उडवलं होतं. त्यांच्या कामाच्या पासावरही फोटो नव्हता, अंगठाच होता.

"तुमी उजेड पाडला होता ना भाऊ? तो फोटो पाह्यजे मले."

"बाई, रोल धुताना खराब झाला," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. भिंतीवर मंत्र्यांचा फीत कापतानाचा मोठा फोटो लावलेला होता. "हा त्याच दिवसाचा नाई का?"

"तो दुसऱ्या रोलवरचा."

त्यांनी पदर सारखा केला. "बरं. तुमचा तरी काय दोष," म्हणाल्या. "पण कुठी सापडला तर ठेवजा हो भाऊ. त्यायचा चेहरा आता आठवते, मंग आठवत नाई."

त्या आणखी दोनदा आल्या. तिसऱ्या खेपेला त्यांना रस्ता ओलांडताना पाहिलं आणि मी डार्करूममध्ये शिरून दार लावून घेतलं.

त्यानंतर मी पुष्कळ मोठे कार्यक्रम टिपले, पण मंचापेक्षा मंडपामागेच अधिक रमलो. गडचिरोलीकडे एका पुलाच्या उद्घाटनात स्वयंपाक्याच्या मांडीवर झोपलेला हवालदार, सभेत कानांवर हात ठेवून बसलेली म्हातारी. लोकांनी त्या फोटोंचं कौतुक केलं. मला मात्र प्रत्येक वेळी वाकून पाहताना त्या काचेवर तेच दोघे दिसावेत असं वाटे. कोरा फ्लॅश मी पुन्हा मारला नाही. या धंद्यात एवढंच शिकलो: रोल उरला तर पुढच्या कार्यक्रमाला चालतो, समोरची माणसं तशी पुन्हा उभी राहत नाहीत.

गेल्या वर्षी निगेटिव्हचे डबे आवरले. त्या दिवसाचे दोन्ही रोल मिळाले. मी भिंग घेऊन एकेक चौकट पाहिली. तो फोटो त्यात नाही हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी चोवीसही पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी भद्रावतीची एसटी धरली. विचारत विचारत घर सापडलं. शेवंताबाई अंगणात तूर पाखडत होत्या. केस पांढरे झालेले. मी चंद्रपूरच्या त्या स्टुडिओचं नाव सांगितलं, तसं सूप खाली ठेवून त्या उठल्या. दोन्ही हात लुगड्याला पुसले आणि पुढे केले.

"भेटला का भाऊ फोटो?"

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं गेली.

"नाही बाई," मी म्हणालो. "तो कधी नव्हताच. रोल खराब झाला नव्हता. मंत्र्यांसाठी दोन फोटो राखायचे होते, म्हणून मी तुमच्यावर नुसता उजेड पाडला. नंतर तुम्ही आलात तेव्हा खोटं बोललो, आणि शेवटच्या खेपेला तुम्हाला पाहून लपलो. वामनभाऊ त्या वेळी कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते, तुमच्याकडे पाहत होते. ते मी पाहिलं होतं आणि तरी काढलं नाही. माझं चुकलं, शेवंताबाई. मला माफ करा."