न मोजलेले अकरा दिवस

१४ मार्च २०२४, गुरुवार, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटे. तराजूच्या काचेआड आकडा स्थिरावला : ५.८ मिलिग्रॅम. मर्यादा पाचची. मी तो नोंदवहीत उतरवला आणि उतरवतानाच दोष कुणाचा हे मनाशी ठरवूनही टाकले.

चाकणच्या ज्या कारखान्यात मी काम करते तिथे हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे भाग बनतात आणि माझी प्रयोगशाळा त्या भागांची स्वच्छता तपासते. धुऊन आलेला भाग आम्ही विद्रावकाच्या फवाऱ्याखाली पुन्हा धुतो. ते द्रावण एका गोल गाळणकागदातून ओढतो, कागद भट्टीत वाळवतो आणि त्याचे वजन करतो. कोऱ्या कागदापेक्षा जितके अधिक भरेल तितकी त्या भागावरची घाण. डोळ्यांना आरशासारखा दिसणारा भाग आमच्याकडे बेधडक नापास होतो. दिसण्यावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो, आणि ही सवय मी कारखान्याच्या फाटकाबाहेरही सोबत नेते.

धुलाईयंत्रावर पहिल्या पाळीत एक मावशी होती. परभणीकडची, पन्नाशीची, ठेकेदारामार्फत लागलेली. नवऱ्याचा हात एका प्रेसमध्ये गेल्यापासून महाळुंग्यातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत कमावणारी ती एकटीच होती. हे सगळ्या शॉपला, म्हणजे यंत्रांवरच्या साऱ्यांना, ठाऊक होते, मलाही. गेल्या तीन दिवसांत तिच्या यंत्रावरून आलेले भाग ४.६, ५.४ आणि आता ५.८ असे चढत गेले होते.

शिवाय मी एक बाटली पाहिली होती. पाळी संपताना ती औषधाची जुनी बाटली यंत्रामागून काढून पिशवीत सरकवायची. धुलाईचे रसायन महाग असते. ती ते घरी नेत असणार आणि टाकीत पाणी वाढवत असणार, हा माझा निष्कर्ष. गुरुवारी दुपारी ती हात धुवायला गेली तेव्हा मी ती बाटली उघडून हुंगली. खोबरेल तेल होते. एवढ्यावर मी थांबायला हवे होते. पण मी तर्क बदलला : तेलाचे हात भागांना लागतात, म्हणून वजन वाढते. तेल विद्रावकात विरघळते आणि कागदावर काहीच मागे ठेवत नाही, हे मी पदवीच्या दुसऱ्या वर्षी शिकले आहे. त्या दुपारी मला ते आठवले नाही, किंवा आठवायचे नव्हते.

परत येताना तिने मला यंत्रापाशी पाहिले.

"कामून हो म्याडम, माझेच पार्ट घाण निघायलेत? म्या तर दोन-दोनदा धुवायले."

"आकडे तसं सांगतायत, मावशी."

"आकडे बी माणूसच लिहितंय की," ती म्हणाली आणि हसली. तेही मला संशयास्पद वाटले.

शुक्रवारी मी अहवाल दिला : धुलाई प्रक्रियेत चालकाचा निष्काळजीपणा. ठेकेदाराच्या सुपरवायझरने तो माझ्यासमोरच वाचला. "बास मॅडम, सोमवारपासून मावशी बंद. दुसरी बाई तयारच हाय." मी मान डोलावली. पुढच्या गुरुवारी प्रयोगशाळा-प्रमुखपदासाठी माझी मुलाखत होती आणि समस्येचे मूळ तीन दिवसांत शोधणारी विश्लेषक म्हणून मी तिथे जाणार होते.

आमचे कुटुंब ख्रिस्ती आहे. वडिलांची नोकरी देहूरोडला लष्करी कारखान्यात झाली. ते गेल्यावर आई आणि मी रहाटणीत राहायला आलो, तरी आमची मंडळी, म्हणजे चर्च, अजून देहूरोडचीच. तिथे एक रीत आहे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीच्या, आदल्या संध्याकाळी तयारीची उपासना होते. पाळक दहा मिनिटे गप्प बसायला सांगतात आणि मग ज्याच्या मनात कुणाविषयी अढी असेल त्याने उठून त्या माणसापाशी जायचे, "सलाम" म्हणायचे आणि हात हातात घ्यायचा. अढी तशीच ठेवून भाकर घ्यायची नाही, असा दंडक. मला या रीतीविषयी पहिल्यापासून शंका होती. ज्यांच्याशी खरोखर बिनसलेले असते ती माणसे त्या संध्याकाळी नेमकी गैरहजर असतात. उरतात सोयीची भांडणे.

शनिवारी माझ्यासमोरच गायनवर्गातल्या दोन काकू एकमेकींच्या गळ्यात पडल्या. माझ्या शेजारच्या बाकावरून आईची मैत्रीण कुजबुजली, "नाताळातही अशाच गळ्यात पडल्या होत्या. आणि दाराबाहेर गेल्यावर हिनं तिच्याकडून केकचं भांडं परत मागून घेतलं."

"गप गं, उपासना आहे," आई म्हणाली. मग तिलाच राहवेना. "भांडं दिलं का तिनं?"

"दिलं. झाकण नाही दिलं."

त्यानंतर साक्षी झाल्या. एका बाईंनी सांगितले की उपवासकाळात प्रार्थना करता करता त्यांचे अंतःकरण धुतल्यासारखे लख्ख झाले. मी मनात प्रश्न मांडत होते. कशाच्या तुलनेत? आधी किती होते? पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर येईल का? मला देवावर शंका नव्हती. माझी शंका माणसांच्या अहवालांवर होती, आणि तिचा मला थोडा अभिमानही होता.

उपासना संपल्यावर आई बोलत उभी राहिली, म्हणून मी वेदीजवळच्या खोलीत गेले. पाळकसाहेब दुसऱ्या दिवशीच्या द्राक्षरसाचे इवले काचेचे पेले पुसत बसले होते. प्रत्येक पेला ट्यूबलाइटसमोर धरून पाहायचे आणि पुन्हा पुसायचे. मी एक फडके घेतले.

"पाळकसाहेब, एक विचारू? अंतःकरण शुद्ध झालं हे कळतं कसं?"

"मला विचारू नकोस, बाळ. मला आपलं मळलेलं कळतं. झालं हे अजून एकदाही कळलेलं नाही." त्यांनी एक पेला बाजूला काढला. "याला चीर आहे बघ. तुमच्या कंपनीत कसं ठरवता स्वच्छ आहे का ते?"

या विषयावर मी उत्तम बोलते. तराजू, भट्टी, गाळणकागद, सारे सांगितले. त्यांना रस वाटतोय असे पाहून मी पुढे म्हणाले, "पण सगळ्यात आधी ब्लँक करायचा असतो. म्हणजे भाग न ठेवता नुसतंच सगळं धुऊन बघायचं. आपल्याच भांड्यात, आपल्याच नळीत किती घाण आहे ते आधी कळतं. तो आकडा अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त आला, तर त्या दिवशीची कुठलीच तपासणी धरायची नाही."

"अस्सं. म्हणजे आधी आपली." ते पेला पुसत म्हणाले. "आणि हे रोज करता?"

"रोज," मी म्हणाले.

"बरंय बाई. मला तर हे पेलेच पुरतात." एवढे बोलून ते पंखे बंद करायला उठले. त्यांनी मला पकडले नव्हते. त्यांच्या प्रश्नात काहीच दडलेले नव्हते, हे मी अजूनही खात्रीने सांगू शकते.

ब्लँकला सव्वा तास लागतो. तो नेहमी ०.३ येतो, कधीमधी ०.२. आमच्याकडचे शिकाऊ विद्यार्थी कालचा आकडा आज उतरवतात हे मला माहीत होते आणि त्यावरून मी दोघांना कडक शब्दांत लिहूनही दिले होते. मुलाखतीच्या तयारीसाठी मला सकाळचा वेळ हवा होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकदा मीही ०.३ लिहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शिकाऊ मुलगा करतो ती फसवणूक आणि मी करते तो अनुभवावर आधारित अंदाज, असा फरक मी मनात केला होता. देहूरोडच्या त्या खोलीत, हातात ओले फडके धरून, मी बोटांवर मोजले. अकरा दिवस.

रविवारी भाकरीचे तबक आमच्या रांगेत आले तेव्हा मी ते हात न लावता पुढे दिले. आईने कोपराने ढोसले.

"पोट बिघडलंय का?"

"नाही."

"मग कुणाशी भांडलीस?"

"भांडले नाही. न भांडताच एकीचं वाईट केलंय."

आईने माझ्याकडे असे पाहिले जसे मी इतरांच्या साक्षींकडे पाहते. मग हळूच म्हणाली, "मग आधी ते निस्तर. भाकर कुठं जात नाही."

सोमवारी पहिल्या बसने मी प्रयोगशाळेत पोचले आणि भाग न ठेवता ब्लँक लावला. वाट पाहताना मनात एक हिशेबी प्रार्थना चालू होती : ०.३ येऊ दे. ०.३ आला असता तर माझा अहवाल खरा ठरला असता, माझे अकरा दिवसही फारसे खोटे उरले नसते, आणि मावशी गेली असती. मी नेमके काय मागते आहे हे मला तेव्हाच समजले. ती प्रार्थना मी अर्ध्यात सोडली. तिच्या जागी मागायला दुसरे शब्द सापडले नाहीत. फक्त आत एकदा पाहावे, आणि जे असेल ते दिसावे, एवढेच काहीसे.

३.९.

मी विद्रावकाच्या नळीचे तोंड उघडले. आतला गाळणीचा पडदा एका कडेने फाटला होता आणि त्याचे काळे कण प्रत्येक तपासणीत मिसळत होते. मावशीचे भाग बहुधा पूर्वीइतकेच स्वच्छ होते. घाण माझ्या नळीतून येत होती.

क्वालिटी मॅनेजर नुकतेच आले होते. मी उभ्याउभ्याच सांगितले.

"पण रजिस्टरला ब्लँक रोज ०.३ आहे ना?"

"ते मोजलेलं नाही, सर. उतरवलेलं आहे."

"किती दिवस?"

"अकरा."

त्यांनी केबिनचे दार लावून घेतले. "हे बघा, हे मी ऐकलेलं नाही. पडदा आज सकाळी फाटला. आज लिहा, आज बदला, विषय संपला. गुरुवारी मुलाखत आहे तुमची, राव!"

तोडगा व्यवस्थित होता. त्यात एकच अडचण होती. पडदा आज फाटला असेल तर गेल्या आठवड्याचे आकडे खरे ठरतात आणि फाटकावर थांबवलेली बाई दोषी राहते. मी तसे म्हणाले. ते म्हणाले, "ती ठेकेदाराची माणूस आहे." मी म्हणाले, "अहवाल माझा आहे." माझा आवाज धीट वगैरे नव्हता, चिरका होता. मग मी नोंदवही तिथेच उघडली, अकरा ओळींवर एकेक सरळ रेघ मारली, प्रत्येकीपुढे "मोजलेले नाही" असे लिहून सही केली आणि अहवाल मागे घेत असल्याचे पत्र त्यांच्या टेबलावर ठेवले. मुलाखतीचे काय होणार हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेले होते. पुढे झालेही तसेच.

मावशी सुरक्षारक्षकाच्या खोलीबाहेर पिशवी घेऊन बसली होती. मी सुपरवायझरला तिचा पास परत द्यायला लावला आणि मग तिच्यासमोर उभी राहिले. "सलाम" म्हणून हात पुढे करावा असा विचार मनात येऊन गेला, पण तो मला नाटकी वाटला.

"मावशी, चूक माझी होती. माझ्या यंत्रात घाण होती. मी तपासलंच नव्हतं."

तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. "म्हंजे तुमचंच भांडं खरकटं, अन् म्या चार दिवस झोपले न्हाई?"

"हो."

"अन् माझी बाटली हुंगली ती?"

म्हणजे तिने पाहिले होते. "हो. तीही."

"बोटं फाटतात त्या धुवायच्या औषधानं, म्हून तेल लावते. पाळी सुटल्यावर. आधी न्हाई." तिने हात पुढे केला. क्षमेसाठी नव्हे, भेगा दाखवायला. मग पिशवी उचलून आत गेली आणि दारातून ओरडली, "आज नीट मोजा बरं का, म्याडम!" रक्षक हसला. शॉपमध्ये पुढे पंधरा दिवस ते वाक्य माझ्या पाठीमागे फिरत होते.

त्या संध्याकाळी बसमध्ये मला हलके वाटले, आणि त्या हलकेपणावर माझा लगेच संशय गेला. कबुलीनंतर कुणालाही हलके वाटते. ते शरीराचे काम आहे, त्यासाठी श्रद्धा लागत नाही. शुद्ध अंतःकरण म्हणतात ते हेच असेल असे मी आजही म्हणणार नाही. एवढे मात्र लिहून ठेवते की त्या सकाळी भट्टीसमोर मी एक मागणे अर्ध्यात सोडले, आणि ते सोडले नसते तर मी ३.९ हाही आकडा कुठल्याशा तर्काने पुसला असता. तो तर्क माझ्याकडे तयार होता. त्याला कुणीतरी थांबवले, आणि ते थांबवणे मला माझ्या स्वभावात सापडत नाही. गायनवर्गातल्या काकूंकडे आता मी पूर्वीसारखी पाहत नाही. झाकण अजून परत गेलेले नाही, पण दोघी दर वेळी उठून जातात तरी.

मंगळवार, १९ मार्च. नवा पडदा बसवला. मावशीच्या यंत्रावरचा पहिला भाग येण्याआधी मी ब्लँक लावला आणि सव्वा तास खुर्चीतून उठले नाही. तराजूवरचा आकडा स्थिर व्हायच्या आधीच सवयीने पेनाने शून्य, टिंब आणि तीनचा वरचा अर्धगोल काढला होता. मी तो खोडला, बाजूला सही केली आणि काचेआड पाहून लिहिले :

०.४ मिलिग्रॅम.