मावशीच्या मेंदूचं माप

माझी थोरली मावशी टेंभुर्णीची. शाळेची पायरी तिनं कधी चढली नाही. साठीपुढच्या माणसांच्या मेंदूची मापं घ्यायचं आमचं संशोधन सुरू झालं, तेव्हा मीच तिला नवीन जालन्यातल्या केंद्रावर बोलावून घेतलं.

माझं काम आखणीचं. मेंदूत खोलवर, कानाच्या आतल्या अंगाला करंगळीएवढा एक भाग असतो, हिप्पोकॅम्पस. आठवणी धरून ठेवायला तो मदत करतो. एमआरआयच्या एकेका चित्रावर माऊसनं त्याची कड आखायची, मग संगणक सगळ्या चित्रांवरून त्याचं घनफळ काढतो. चित्रावर नाव नसतं, नुसता क्रमांक. मावशीचा क्रमांक मला ठाऊक होता, म्हणून आमच्या प्रमुख सरांना सांगून तिची आखणी मी सहकारिणीकडे दिली.

माप वयाला साजेसं आलं. तरीही सरांनी मावशीला स्मृती कमी झालेल्यांच्या गटात टाकलं. स्मृतीची परीक्षा कागदावरची होती. शब्द वाचून लक्षात ठेवा, घड्याळाचं चित्र काढा. मावशीनं कागद कोराच परत दिला होता.

"सर, तिला वाचता येत नाही. ही स्मृतीची परीक्षाच झाली नाही," मी म्हणाले.

"नात्यातली आहे म्हणून बोलताय तुम्ही."

"तिचं सोडा. न शिकलेली सगळीच माणसं त्या गटात कशी गेली?"

"मग त्यांना अभ्यासातून काढून टाकू."

हे मला जास्त झोंबलं. दिवसाचं काम बुडवून ही माणसं आली होती, त्या खडखडणाऱ्या यंत्रात हूं की चूं न करता पडून राहिली होती. गटांच्या यादीवर आखणी करणाऱ्यांच्याही सह्या लागत, मी सही केली नाही. संस्थेच्या नीतिसमितीला पत्र लिहिलं. सरांनी बोलणं बंद केलं. माझं कंत्राट संपत आल्याची आठवण मात्र कार्यालयातून दोनदा आली.

रविवारी टेंभुर्णीला गेले. मावशी तूर निवडून राह्यली होती. सगळं ऐकून म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, हे आधीच सांगितलं व्हतं का तू त्यांना?"

"न्हाई."

"लाज वाटली का?"

मी तुरीतले खडे वेचू लागले. वाटली होती.

समितीनं न शिकलेल्या सगळ्यांची तोंडी परीक्षा घ्यायला लावली. मावशीच्या वेळी मी दाराबाहेर थांबले. सहकारिणीनं वाचून दाखवलेली बाजारातल्या जिनसांची यादी मावशीनं अर्ध्या तासानं बराबर सांगितली, आणि वर म्हणाली, "आता तुमी सांगा पाहू." बहुतेकांचे गट बदलले. एका आजोबांना तोंडीही जमलं नाही, त्यांचं मापही कमी होतं. ते त्याच गटात राहिले, आणि त्या नव्या यादीवर मी सही केली.

माझं कंत्राट वाढवलं नाही. आता दुसऱ्या संस्थेत हेच काम करते. तिथं पहिल्याच दिवशी विचारलं, वाचता न येणाऱ्यांची परीक्षा कशी घेणार? उत्तर मिळेपर्यंत माऊसला हात लावला नाही.