आंघोळ सोसणारी लेबलं

दुकानवाल्या बाई स्वतः घरी आल्या, तेव्हाच कात्रीकाकूंच्या लक्षात यायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय. एरवी बाई फोनवरच काम उरकायच्या. त्यांनी पिशवीतून पांढरा टॉवेल काढला आणि टेबलावर पसरला. मधोमध निळा ओघळ होता, आणि त्याला सोबत म्हणून एक पिवळा.

"हा माझ्या घरचा टॉवेल," बाई म्हणाल्या. "आणि हा तुमच्या बाटलीचा रंग."

"माझ्या शाम्पूत रंग नसतो."

"शाम्पूत नाही. लेबलात."

शाम्पूबद्दल बाईंची तक्रार नव्हती. त्यांचे स्वतःचे केस त्यावरच पोसलेले होते. पण लेबल पहिल्या आंघोळीला रडायचं, दुसऱ्या आंघोळीला विरघळायचं, आणि त्यानंतर बाटलीत शाम्पू आहे की फरशी पुसायचं औषध, हे ज्याचं त्यानं वासावरून ठरवायचं. बाई आता दुसरं दुकान उघडत होत्या. दारातून आत येताच समोर दिसेल, अशा डोळ्यांच्या उंचीवरच्या कप्प्यात काकूंच्याच बाटल्या ठेवायचं त्यांच्या मनात होतं. त्या कप्प्यावर एका कंपनीचाही डोळा होता.

"दुकान उघडायच्या आत मला टिकणारं लेबल दाखवा," बाई उठता उठता म्हणाल्या. "नाहीतर कप्पा कंपनीला. मग माझ्याशी भांडू नका."

कात्रीकाकू हे नाव गल्लीनं दिलेलं. निम्म्या गल्लीचे केस त्यांनी कापले होते आणि उरलेल्या निम्म्या गल्लीला नुसतं बोलून सरळ केलं होतं. उभं राहून राहून गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा त्यांनी पुढच्या खोलीतलं पार्लर बंद केलं. आरसे, खुर्च्या आणि डोक्यावर हेल्मेटसारखे उतरणारे दोन मोठे ड्रायर मात्र जागच्या जागी राहिले. राहिली ती शाम्पूची मागणीही, कारण पार्लर बंद झालं तरी बायकांच्या डोक्यावर केस होतेच. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोठ्या पातेल्यात काम सुरू झालं. कोरड्या केसांसाठी हिरवी बाटली, तेलकट केसांसाठी पिवळी, कोंड्यासाठी निळी. त्या बाटल्या मोठ्या दुकानात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहाव्यात, एवढी एकच महत्त्वाकांक्षा काकूंनी उतारवयात बाळगली होती, आणि ती आता टॉवेलावर ओघळून पडली होती.

लेबल हे खातं काकांचं. काका टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांनी प्रिंटर घेतला तो पुरता अभ्यास करून. मिनिटाला किती पानं, किती बारीक ठिपके, किती वजन, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. शिवाय दुसऱ्या खोलीतून मोबाइलवरूनही छापता येत असे. घरच दोन खोल्यांचं असल्यामुळे या गुणाला न्याय द्यायला काका मुद्दाम गच्चीवर जात.

"अहो, एवढा अभ्यास केलात," काकू म्हणाल्या, "पाण्यात टिकतं का, ते नाही बघितलंत?"

"ते कुठे लिहिलेलंच नसतं गं."

"मग न लिहिलेलंच आधी विचारायचं असतं. लग्न ठरवताना माझ्या आईनं केलं ना तसं."

काकूंच्या आईनं नेमकं काय विचारलं होतं, हे काकांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी प्रिंटरवरची धूळ पुसायला घेतली.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नणंदबाई आवाज ऐकून खाली आल्या. "वहिनी, छापखान्यात टाका नि मोकळ्या व्हा. दादाला आयुष्यात एक काम धड जमलंय, निवृत्त व्हायचं."

"वन्सं, छापखानेवाला एकाच प्रकारची पोतंभर लेबलं घ्या म्हणतो. माझं पातेलं केवढं, ते त्याला काय माहीत?"

तेव्हा प्रिंटर घरचाच हवा, फक्त दुसरा. काका लगेच नव्या अभ्यासाला बसले. काकू म्हणाल्या, "अभ्यास पुरे. या खेपेला मी येते." आणि त्यांनी पिशवी भरली. पिशवीत शाम्पूची भरलेली बाटली, रिकाम्या बाटल्या, एक मग आणि घरातला सगळ्यात पांढरा टॉवेल.

प्रिंटरच्या दुकानातल्या सेल्समननं आपले केस घरी रंगवले आहेत, हे काकूंनी दारातूनच ओळखलं. कानाची पाळीही काळी होती. त्यानं मोठ्या उत्साहानं पोपटाचं चित्र छापून दाखवलं. "रंग बघा मॅडम. जिवंत वाटतो की नाही?"

"वाटतो," काकू म्हणाल्या. "बेसिन कुठे आहे?"

पोपटाला शाम्पू लावून, चोळून, मगभर पाण्यानं धुऊन काढल्यावर तो जिवंत वाटेना. त्याचा हिरवा रंग बेसिनमधून निघून गेला आणि मागे जे उरलं त्याला कावळाही म्हणवेना.

"ही पातळ शाई आहे मॅडम," सेल्समन ओशाळून म्हणाला. "कागदात मुरते, पाणी लागलं की सुटते. आमच्या घरच्या मशीनचंही तेच होतं."

"आणि तरी आधी हेच दाखवलंत?"

"पोपट यातच छान येतो."

दुसरं मशीन लेझरचं. यात शाई नाहीच, पूड असते आणि ती गरम होऊन कागदावर वितळून बसते, असं सेल्समननं सांगितलं. हा पोपट पाण्याला भ्याला नाही. टॉवेल पांढराच राहिला. काकांनी खिशाकडे हात नेलासुद्धा. पण काकूंनी ते लेबल मऊ बाटलीवर चिकटवलं आणि बाटली दाबायला लागल्या. शाम्पूची बाटली लोक दाबतात, त्यातूनच शाम्पू येतो, हे काकांच्या अभ्यासात आलेलं नव्हतं. दाबता दाबता पोपटाच्या पोटावर बारीक भेगा पडल्या आणि हिरवे टवके काकूंच्या तळहातावर आले.

"तुमचं गिऱ्हाईक एवढं दाबेल का हो?" सेल्समननं विचारलं.

"बाटली संपत आली की सगळेच दाबतात. तुमच्या घरी टूथपेस्ट नाही का?"

एव्हाना दुकानातली इतर गिऱ्हाइकं बेसिनपाशी जमली होती, आणि सेल्समनलाही चेव चढला. कोपऱ्यातलं, धूळ खात पडलेलं एक मशीन त्यानं पुढे ओढलं. "याला उठाव नाही. हळू चालतं, दिसायला खोकं. पण शाई पिगमेंटची आहे. कण असतात तिच्यात. वर घट्ट बसते."

तो लेझरचाच चिकट कागद आत घालणार, एवढ्यात काका मागून म्हणाले, "थांबा. या पाकिटावर फक्त लेझरसाठी असं लिहिलंय." वाचायची सवय अखेर कामाला आली. सेल्समननं शाईच्या प्रिंटरसाठी बनवलेला प्लॅस्टिकचा कागद शोधून आणला. मशीननं कुंथत कुंथत पोपट बाहेर काढला. काकूंनी तो गरमागरम बेसिनमध्ये नेला, चोळला, आणि पोपटाची शेपटी फरफटत त्याच्या चोचीपर्यंत गेली.

 काकू टॉवेलानं हात पुसायला लागल्या. कप्पा कंपनीला गेला, एवढंच त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"अहो काकू," सेल्समन म्हणाला, "आत्ता छापलं, आत्ता धुतलं. बसायला वेळ नको का द्यायला? निदान एक दिवस तरी हात लावू नका."

काकूंचा हात टॉवेलातच राहिला. रंग लावून लगेच डोकं धुवा म्हणणाऱ्या बायकांना त्यांनी जन्मभर फैलावर घेतलं होतं. रंगाला बसायला वेळ लागतो, घाई असेल तर टोपी घाला, हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं की ते आपल्यालाही लागू असेल, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. हे शब्द काकांनी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले, आणि तेही परक्या माणसासाठी. "पण मग तुम्ही स्वतःच्या डोक्याला का नाही दिलात वेळ? पाळीवर आलाय रंग."

प्रिंटर घरी आला. काका त्याच्या संथपणावर कुरकुरले. "मिनिटाला पानही धड येत नाही गं."

"मला मिनिटाला नकोय. आंघोळीला हवंय."

आंघोळीची परीक्षा नणंदबाईंकडे सोपवली. त्यांची आंघोळ सबंध इमारतीला माहीत होती. त्या न्हाणीघरात शिरल्या की खालच्या मजल्यावरचे लोक आपापल्या बादल्या भरून ठेवत. एक दिवस वाळवलेलं लेबल लावून बाटली त्यांना दिली आणि काकूंनी सांगितलं, "वन्सं, जराही दया करू नका."

त्यांनी केली नाही. दुसऱ्या आठवड्यात त्या बाटली घेऊन खाली आल्या. बाटली रिकामी, दाबून दाबून तिची कंबर गेलेली. लेबल मात्र छापल्या दिवशीसारखं. नणंदबाईंच्या आवाजात थोडी निराशा होती. "घासणीनं पण घासलं हो मी."

मग घराचा कारखाना झाला. काका छापत, काकू पानं उचलून पुढच्या खोलीत नेत आणि पार्लरच्या खुर्च्यांवर, त्या दोन हेल्मेटी ड्रायरखाली, गार हवेवर पसरून ठेवत. आरशातून बघणाऱ्याला वाटावं, हिरव्या, पिवळ्या आणि निळ्या बायका केस वाळवत बसल्यात. पार्लर पुन्हा चालू झालं का, असं विचारत दोघी जणी आत डोकावून गेल्यासुद्धा.

दुकान उघडायच्या आदल्या दिवशी काकू खोकी घेऊन हजर झाल्या. बाईंनी एक बाटली उचलली आणि मागच्या नळाखाली धरली. ओली बाटली आपल्या पांढऱ्याशुभ्र पदराला खसखसून पुसली. हा जुगार होता, पण बाई खेळल्या. पदर ओला झाला, रंगला नाही. त्यांनी बाटली दाबली, वाकवली, नखानं कोपरा उचकटून पाहिला. कोपरा हलला नाही.

"कंपनीचा माणूस येणार होता संध्याकाळी," बाई म्हणाल्या.

"येऊ दे. त्याला खालचा कप्पा दाखवा. वाकायची सवय होईल."

बाई हसल्या आणि बाजूला झाल्या. काकूंनी स्वतःच्या हातानं बाटल्या लावल्या, हिरव्या, पिवळ्या, निळ्या, प्रत्येकीचं तोंड दाराकडे. गुडघे कुरकुरले, पण डोळ्यांच्या उंचीला वाकावं लागत नाही. सकाळी दुकान उघडलं तेव्हा त्या गिऱ्हाईक असल्यासारख्या कोपऱ्यात उभ्या होत्या, आणि कोणालाही ते खरं वाटलं नाही.

पहिली आली ती एक तरुण बाई. दारातून आत येताच तिची नजर समोरच्या कप्प्यावर गेली. तिनं पिवळी बाटली उचलली आणि लेबल वाचायला लागली.

"ती नको," कोपऱ्यातून काकू म्हणाल्या. "टोकं फाटलीत तुमची. हिरवी घ्या."

तिनं हिरवी घेतली. थोडा विचार करून आणखी एक घेतली. कप्प्यात दोन बाटल्यांची जागा रिकामी झाली, आणि काकू खोक्यातून नव्या बाटल्या काढायला पुढे सरसावल्या.