सॉरीशेठची नवी सिस्टीम

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं, ते झेरॉक्स मशीनची माफी मागताना. पेन्शनच्या कागदांच्या प्रती काढायला मी त्याच्या दुकानात गेलो होतो. कागद अडकला, त्याने झाकण जरा जोरात उघडलं आणि लगेच मशीनवर हात ठेवून पुटपुटला, "सॉरी, सॉरी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सॉरी सर, दोन मिनिटं." वळताना कोपर स्टुलाला लागलं. स्टुलालाही एक सॉरी मिळाली.

कॉलेजची मुलं त्याला सॉरीशेठ म्हणत. शेठपणा म्हणाल तर जिन्याखालची एक खोली, एक झेरॉक्स, एक कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकासाठी ते स्टूल. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. टायपिंगला हात सुरेख. कुणाचा अर्ज टाइप करताना तो मान अशी खाली घाली, की जणू त्या माणसाचं दुःख आपण चोरून वाचतोय. बायको संध्याकाळी कामावरून येताना दुकानात शिरायची, केर काढायची आणि त्याला घरी जायला उठवायची. "यांच्यावर सोडलं तर गिऱ्हाइकाला घरापर्यंत पोचवून येतील," असं ती मला एकदा म्हणाली. तो म्हणाला, "एकदाच गेलो होतो गं. पाऊस होता."

एक दिवस कॉलेजातली एक मुलगी प्रोजेक्ट छापायला आली. त्याच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक सूचना कायमची बसलेली होती: सिस्टीमची ही प्रत अस्सल नाही. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांना ती दिसेनाशी झाली होती. मुलगी हसून म्हणाली, "काय काका, चोरीचा माल?"

तिने गंमत केली. याचे कान लाल झाले. कॉम्प्युटर ज्याच्याकडून घेतला त्याने जे घालून दिलं तेच हा वापरत आला होता. पण चोरी हा शब्द त्याला झोंबला.

"मग फुकटातली सिस्टीम घ्या ना," मुलगी म्हणाली. "लोक मिळून बनवतात, कुणीही घ्यावी. पेनड्राइव्हवर घालून आधी वापरून बघा. आवडली तर बसवा."

पुढच्या आठवड्यात मी गेलो तर स्क्रीन निराळाच. नवा चष्मा लागलेल्या माणसासारखा तो मला एकेक वस्तू दाखवत होता. "बघा सर, कुणी पैसे मागत नाही. उलट म्हणतात, शेजाऱ्यालाही द्या!" कॉम्प्युटर सुरू झाला की नवी सिस्टीम विचारायची, नुसती वापरून बघायची की कायमची बसवायची? बसवायला तो धजत नव्हता. गिऱ्हाइकांच्या जुन्या फायली पुसल्या जातील अशी भीती. म्हणून त्याने 'वापरून बघा' निवडलं, आणि रोज तोच प्रश्न यायला नको, यासाठी कॉम्प्युटर बंदच केला नाही. दुकान मिटताना फक्त स्क्रीन काळा करायचा.

याच सुमारास बालवर्गाच्या बाई त्याच्याकडे आल्या. मी शिकवायचो त्याच शाळेतल्या या बाई. अख्खी नोकरी त्यांनी बालवर्गावर काढली, तीही गोष्टी सांगत. शिंकणाऱ्या उंटाची गोष्ट, एक चप्पल हरवलेल्या गोमेची गोष्ट; सगळ्या स्वतःच्या, कुठे लिहिलेल्या नाहीत. उंट वेगळ्या आवाजात, गोम वेगळ्या. आता त्यांच्या घशात गाठ निघाली होती आणि डॉक्टर स्वरयंत्र काढणार होते. त्यांच्या मुलीला दिवस गेले होते. नातवंडाला आजीचा आवाज कळावा, एवढीच बाईंची इच्छा होती.

सॉरीशेठने चांगला माइक आणला. जुन्या सिस्टीमवरही रेकॉर्डिंग झालं असतं, पण तो म्हणाला, "बाईंचा आवाज चोरीच्या मालात नको." दुपारी शटर अर्धं खाली ओढून काम चाले. एकदा मीही बसलो होतो. गोम चपलांच्या दुकानात शिरली आणि बाईंना ठसका लागला. त्या गोमेच्याच आवाजात म्हणाल्या, "थांबा हो दुकानदार, मला पाय मोजू द्या." हा खो-खो हसला. रेकॉर्डिंगमध्ये हसू आलं म्हणून लगेच, "सॉरी बाई, सॉरी."

"अरे, राहू दे," बाई म्हणाल्या. "हसायला कुणी नसेल तर गोष्ट कसली?"

सगळ्या गोष्टी झाल्या. त्या संध्याकाळी तो शाई आणायला गेला होता. बायकोने नेहमीप्रमाणे केर काढला, आणि वीज उगाच जळतेय म्हणून भिंतीवरचं मोठं बटण बंद करून कुलूप लावलं.

सकाळी त्याने कॉम्प्युटर लावला. नवी सिस्टीम आली, पण कोरी. ना गोम, ना उंट. पेनड्राइव्ह घेऊन तो दुरुस्तीवाल्याकडे धावला. दुरुस्तीवाला म्हणाला, "अहो, वापरून बघताना काही साठत नाही. सगळं मेमरीत असतं, वीज गेली की संपलं. सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की!"

"थोडंसुद्धा नाही मिळणार?"

"जे कुठे उतरलंच नाही, ते कुठून काढू?"

बाईंच्या ऑपरेशनला अजून तीन दिवस होते. त्याच दुपारी बाईंचा फोन आला. ते बोलणं त्याने मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं.

"काय रे, कसं आलंय?"

"छान आलंय बाई."

"गोमेच्या गोष्टीत फार खोकले मी. येऊ का उद्या? ती एक तरी परत सांगते."

"नको बाई. विश्रांती घ्या. सगळं छान आलंय."

त्या तीन दिवसांत तो आणखी दोन दुरुस्तीवाल्यांकडे गेला. बाईंच्या घरावरूनच तो रस्ता जातो. तो पलीकडच्या गल्लीतून गेला.

ऑपरेशनच्या दिवशी मी हॉस्पिटलात पोचलो, तेव्हा तो बाकावर बसून होता. बाईंना नुकतंच आत नेलं होतं. मी शेजारी बसलो तसा तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "सर, काहीच नाहीये. एकही गोष्ट नाहीये." आणि सगळं सांगितलं.

"अरे, मग काल का नाही बोललास?"

"काल वाटलं, मिळेल."

"आणि त्या फोनवर?"

 "लाज वाटली," म्हणाला. "त्यांनी इतक्या मनापासून सांगितल्या होत्या. म्हटलं, कोणत्या तोंडानं सांगू, की परत सांगा?"

मी चिडलो होतो. बायकोला बटणाचं काही सांगू नका, तेवढं मात्र त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं. तिला बिचारीला आयुष्यभर वाटत राहील, म्हणाला.

बाई घरी आल्यावर तो गेला. मला बरोबर चला म्हणाला, म्हणून मीही गेलो. बाई खुर्चीत बसल्या होत्या. गळ्याशी पट्टी, मांडीवर पाटी. मुलगी शेजारी उभी होती. त्याने उभ्यानेच सांगितलं, फोनवरचं खोटंही. मशीनला, स्टुलाला सॉरी म्हणणाऱ्या या माणसाच्या तोंडून त्या दिवशी तो शब्द निघाला नाही.

मुलगी म्हणाली, "काका, मेमरीचं आम्हाला तरी कुठे कळतं? पण आई स्वतः विचारत होती हो तुम्हाला. हॉस्पिटलच्या खाटेवर बसूनसुद्धा सांगितल्या असत्या तिनं."

बाईंनी पाटीवर लिहिलं, 'मी आले असते.' त्याने वाचलं आहे याची खात्री झाल्यावर फडक्याने पुसलं. मग लिहिलं, 'चहा घेऊन जा.' तो थांबला, कप दोन्ही हातांनी धरून चहा प्यायला, आणि कप स्वतः विसळून ठेवला. 

याला आता दोन वर्षं होतील. बाईंना नात आहे. मुलगी तिला गोमेची गोष्ट सांगते. बाई शेजारी बसून चुकलेल्या जागी मान हलवतात. बाईंना कधी काही छापून हवं असलं तर मुलगी चौकातल्या दुसऱ्या दुकानात जाते.

सॉरीशेठ त्याच जिन्याखाली आहे. नवी सिस्टीम त्याने रीतसर बसवून घेतली आहे आणि ती उत्तम चालते. आवाजाचं काम तो घेत नाही. कुणी विचारलं तर माइक नाही म्हणून सांगतो.