माझं भाषण आणि खंडेश्वराचे रोडगे

पहाटे अकोला स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात, तान्हं बाळ धरावं तसं छातीशी धरलेलं, माझं भाषण होतं. विषय भारदस्त : 'इतिहास आणि वारसा आजच्या समाजाला काय शिकवतात?' जाड कागद, मोठी अक्षरं आणि टाळ्यांसाठी मध्येमध्ये सोडलेल्या कोऱ्या जागा.

स्टेशनबाहेर सलीमभाईंची ऑटो मिळाली. कशासाठी आलात, म्हणून त्यांनी विचारलं. मी विषय सांगितला. त्यांनी आरशातून माझ्याकडे सहानुभूतीनं बघितलं.

"अब तक कोई सीखा क्या, साहेब?"

उरलेला रस्ता मी दुकानांच्या पाट्या वाचण्यात घालवला.

भाषण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. उतरायचं होतं विनायककडे. हा माझा कॉलेजातला मित्र, आता अकोल्यात वकील. कोर्टात बोलतो तसाच घरी बोलतो, फक्त घरी त्याला पुढची तारीख मिळत नाही. चहाचा कप माझ्या ओठाला लागायच्या आत म्हणाला, "गोविंदा, आंघोळ कर. नांदगावले जायचं हाय."

त्याच्या मुलीचं, मृणालचं, लग्न ठरलं होतं. या घराची रीत अशी की पहिली पत्रिका नांदगाव खंडेश्वरच्या महादेवापुढे ठेवायची आणि देवळामागच्या कडुलिंबाखाली रोडगे (गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले) करून जेवायचं. मला नुसत्या वर्णनानं भूक लागली. भाषणावर अजून एक हात फिरवावा म्हणून ते बरोबर घेतलं.

गाडी मृणाल चालवत होती. ही अमरावतीच्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवते, त्यामुळे मोठ्या माणसांना गप्प बसवण्याची तिला सवय आहे. मूर्तिजापूर मागं पडलं. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांवर पांढरे पुंजके अडकले होते. बडनेऱ्याला चहासाठी थांबलो. विनायक पानाच्या टपरीकडे वळला तशी मृणाल माझ्याकडे वळली.

"आता नीट ऐका. दिनूकाकाही तिकडे येऊन राहिले. बाबाले मी सांगितलं नाही."

दिनकर म्हणजे विनायकचा धाकटा भाऊ, अमरावतीत राहणारा, इतिहासाचा निवृत्त मास्तर. दोघं तीन वर्षं बोलत नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

"शेतीवरून?" मी विचारलं.

"नाही हो. देऊळ कोणी बांधलं त्यावरून!"

झालं होतं असं. गावच्या सभेत विनायकनं घरातली जुनी गोष्ट सांगितली, की हे देऊळ देवांनीच एका रात्रीत उभं केलं. दिनकरनं उठून त्याच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाला, "हे वकील हायेत. यांले पुरावा लागत नाही." अख्खं गाव हसलं. विनायक त्या दिवसापासून भावाचं नाव घेत नव्हता, आणि लग्नाचं बोलावणंही देणार नव्हता.

"काका नसतील तं मी मांडवात उभी राहत नाही," मृणाल म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र क्लासातलाच होता. "तुमी काही करू नका. फक्त दोघांच्या मधात बसा."

नांदगावला पोचलो. काळ्या दगडाचं देऊळ, दगडात दगड बसवलेला, मध्ये चुना नाही. माझ्या भाषणातलं सर्वांत लाडकं वाक्य अशाच दगडांवर होतं. ते मनात घोळवत पत्रिका देवापुढे ठेवली आणि मागं गेलो, तर कडुलिंबाखाली सतरंजी टाकून दिनकर बसलेला.

विनायक थबकला. मग खोडाच्या दुसऱ्या बाजूला, भावाकडे पाठ करून बसला. मी मधात.

"गोविंदा, त्याले विचार, हे झाड काय त्याच्या बापाचं हाय?"

"सांगा त्याले, हाय," पलीकडून उत्तर आलं. "त्याच्याही बापाचं हाय."

दोघांनी वेगवेगळा स्वयंपाक करायचं ठरवलं. मृणालनं डिकी उघडली. पीठ, वांगी, डाळ, तुपाचा डबा, लोणचंसुद्धा. विनायकनं बाह्या सरसावल्या आणि गोवऱ्यांसाठी इकडेतिकडे बघू लागला. मी सहज खोडाला वळसा घातला. दिनकरपुढे गोवऱ्यांची सुबक रास होती, चिमटा होता, पाण्याची बादली होती, काडेपेटी होती. भाजायला मात्र काहीच नव्हतं.

वडिलांच्या वेळेपासून थोरल्यानं शिधा आणायचा आणि धाकट्यानं विस्तव करायचा. दोघं रागारागानं स्वतंत्र स्वयंपाकाला निघाले होते, पण सामान हातांनी भरलं होतं, आणि हातांना भांडणाचं कुणी कळवलं नव्हतं.

मृणाल कळसाचा अभ्यास करत होती.

"त्याले म्हण," विनायक खाकरला, "गोवऱ्या उरल्या असतील तं दे."

"सांगा, उरल्या नाहीत. सगळ्याच हायेत."

सगळ्याच होत्या, पण रात्रीच्या दवानं ओलसर झालेल्या. दिनकरनं काड्या ओढल्या, फुंकर मारून मारून लाल झाला. धूर भरपूर, जाळ नाही.

"कागद हाय का कोणाकडे?"

मृणालनं उरलेल्या पत्रिका पाठीमागं लपवल्या. मग तिघांनी मिळून माझ्या मांडीवरच्या भाषणाकडे बघितलं. तीन वर्षांत त्या दोन भावांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

कोऱ्या जागा सगळ्यांत आधी पेटल्या. पाठोपाठ माझं लाडकं वाक्य गेलं.

निखारे झाले. मृणालनं मळून वळलेले गोळे त्यात पुरले. एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा, मधात मी, आणि धूर, मोठ्या आदरानं, फक्त पाहुण्याकडे. मी डोळे पुसत असताना एकदम ओरडा झाला.

"दिनू! जळून राहिला ना तो!"

"कोणता?"

"तुह्या हाताखालचा, बाप्पा!"

"दिसते मले!"

"दिसते तं फिरवत काहून नाहीस?"

निरोप कुणाला पोचवायचा म्हणून मी उजवीडावीकडे बघितलं. कुणालाच माझी गरज नव्हती. माझं पोस्ट ऑफिस बंद पडलं होतं.

मग रोडगे फुटले, त्यात तूप मुरलं, वर वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. माझ्या आवाक्याबाहेरचं जेवलो. तेवढ्यात मूळ खटला पुन्हा सुरू झाला.

"काहीही म्हण, देऊळ एका रात्रीतच झालं."

"एका रात्रीत! आपल्या दोघांच्यानं एका सकाळी एक गोवरी पेटत नाही!"

विनायक हसला. आधी नाकातून, मग पोटातून. त्यानं तुपाचा हात पँटला पुसला, मृणालच्या हातातून एक पत्रिका ओढली आणि भावापुढे धरली.

"घे. बायकोले घेऊन ये. पण मांडवात माइक मागशील तं पाह्य!"

"मंगलाष्टकं मीच म्हणीन."

"म्हण. फक्त एका रात्रीत संपव."

मृणाल उठून देवळाकडे गेली. परत आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकोल्यात रिकाम्या हातानं उभा राहिलो आणि त्या कडुलिंबाची हकीकत सांगितली. आभार मानणाऱ्या गृहस्थांनी 'पाककलेवरील उद्‌बोधक विवेचना'बद्दल मला नारळ दिला. पण मला वाटतं, विषय मी सोडला नव्हता. देऊळ कुणी बांधलं, यावर ते दोघं मरेपर्यंत भांडतील, आणि खुशाल भांडावं. पूर्वजांनी त्यांना दिलेली पक्की गोष्ट वेगळीच आहे : शिधा एकाकडे आणि विस्तव दुसऱ्याकडे. एकट्यानं जेवताच येऊ नये, अशी सोय करून ती माणसं गेली.

स्टेशनला सोडायला पुन्हा सलीमभाईच मिळाले. आरशात तेच डोळे.

"फिर? कोई सीखा?"

"दोघं शिकले," मी ऐटीत म्हणालो.

"भाषण सुनके?"

"नाही. जाळून."

सलीमभाईंनी फाटकाशी ऑटो थांबवली, माझी बॅग खाली ठेवली आणि गंभीरपणे म्हणाले, "तो साहेब, अगले टाइम कागद ज्यादा लाना."