दरी बघायला गेलेल्या विहिणी

डॉक्टर माणसांना टाके घालायचे आणि ही चादरींना, म्हणून हॉस्पिटलात सगळे तिला टाकेबाई म्हणत. कपडेखोलीतल्या शिलाई मशीनवर तिचा उभा जन्म गेला. नवरा लवकर गेला, तरी त्याच मशीनवर तिने एकुलती लेक वाढवली, शिकवली, उजवली. हाताइतकीच जीभही चालायची; मोठ्या नर्सबाईंनाही ती तोंडावर ऐकवायची. मात्र लेकीची सासू समोर आली की तिची बोलती बंद व्हायची आणि आत काहीतरी धुमसत राहायचं.

त्या हिवाळ्यात लेकीचा फोन आला. "आई, रविवारी दरी बघायला जाऊ. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळी परत."

कॅलेंडरवर छापतात ती दरी! टाकेबाई हरखली. ठेवणीतला स्वेटर काढला, संत्री घेतली. स्टेशनवर पोचते तो लेकीच्या शेजारी विहीणबाई, लोकरी टोपी घालून हजर.

खिडकी अर्थातच विहीणबाईंना मिळाली. "त्यांना गाडीत मळमळतं गं," लेक कुजबुजली. मग तिने सासूला थर्मासमधला चहा दिला, न विचारता, बिनसाखरेचा. आईला मात्र विचारलं, "तुला साखर किती?" टाकेबाईने संत्रं असं सोललं, जशी कुणाची सालटीच काढतेय.

उतरताना लेक म्हणाली, "आई, जपून. पायरीवर बर्फ आहे."

"हो गं, बघतेय!" टाकेबाई खुशीत म्हणाली. वर पाहते तर लेकीचा हात सासूच्या हातात; सासूलाही ती आईच म्हणायची.

दरी खरंच डोळ्यांचं पारणं फेडणारी होती. बर्फाने मढलेले कडे, खाली संथ सरकणारं धुकं. पण लक्ष कुणाचं होतं? लेकीने मोबाइल पुढे केला. "आई, आमच्या दोघींचा फोटो काढ ना."

आमच्या दोघींचा! टाकेबाईने मोबाइल हळूच एका बाजूला वळवला आणि बटण दाबलं. फोटोत लेक आली, दरी आली, विहीणबाईंचं फक्त कोपर आलं.

"हे काय, आई?"

"उन्हात दिसलं नाही."

ऊन कुठलं? आभाळ राखेसारखं होतं. लेकीचा चेहरा उतरला. ती चहा आणायला गेली. टाकेबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमच्या जागी मी असते तर कोपरही येऊ दिलं नसतं," बाकावर टेकत विहीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मागे तिला ताप आला होता. दोन दिवस उशाशी बसले. ग्लानीत सारखी 'आई, आई' करत होती. मी ओ दिली, तर डोळे उघडून म्हणते कशी, 'तुम्ही नाही.'"

एखादी समजूतदार बाई असती, तर तिने विहिणीचा हात हातात घेतला असता. टाकेबाईला मात्र मनातून गुदगुल्या झाल्या. पण क्षणभरच. "ताप? मला कुणी कळवलं नाही ते?"

"तीच म्हणाली, आईला सांगू नका. काम टाकून धावत येईल."

लेक चहा घेऊन आली, तेव्हा दोघी दरीकडे बघत होत्या.

परतीच्या गाडीत लेकीला डुलकी लागली आणि डोकं नेमकं सासूच्या खांद्यावर कललं. टाकेबाईच्या पोटात पुन्हा दुखलं.

"खांदा अवघडेल तुमचा," ती हळूच म्हणाली. "थोड्या वेळाने इकडे द्या तिला."

विहीणबाईंनी 'हो हो' म्हणत मान हलवली, पण घरचं स्टेशन येईपर्यंत काही दिली नाही.