गिरणीचा पट्टा आणि आमची ज्वारी

भानामती, यंत्रात शिरलेली देवता... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आजही नाही. चळवळीच्या सभांमध्ये वाटलेली पत्रकं वाचत मी मोठा झालो. तरी हे लिहितोय, कारण घडलं ते भर दिवसा, साऱ्या गावासमोर.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. धाड या मोठ्या गावाजवळच्या आमच्या खेड्यात सखारामजींनी ऑइल इंजिनवर चालणारी पिठाची गिरणी टाकली. एकदा आम्हा बौद्धांचं दळण घातलं आणि गिरणी फिरवणारा इंजिनाचा पट्टा चाकावरून उतरला. सखारामजींनी जाहीर केलं, मशीनला यांचं दळण चालत नाही. बस्स! गावाला पटलं. आमच्या बाया दळणासाठी डोक्यावर ज्वारी घेऊन धाडपर्यंत चालू लागल्या. त्यात माझी मायही.

बाजाराच्या दिवशी गिरणीवर गर्दी असताना मी मायला घेऊन, ज्वारीचा डबा घेऊन गेलो. म्हटलं, लोखंडाला जात कळते का, ते सगळ्यांसमोर पाहू. सखारामजी हसले — "पट्टा पडला तं मंग इकडं तोंड नको दाखवू."

मी स्वतः पट्टा ताणून बसवला, सुतळी धरून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत ना ते तपासलं. आमची अर्धी ज्वारी घातली. गरम पीठ खाली आलं. मग सखारामजींच्या घरचं दळण घातलं — पट्टा उतरला. चढवला, पुन्हा उतरला. आमची उरलेली घातली... गिरणी सुरळीत! आणि ज्वारी तर एकच होती, त्यांच्याच वावरातली. आम्हाला ती मजुरीत मिळालेली.

लोक हसू लागले. मायनं मशीनला हात जोडले.

"पाह्य बाप्पा, तिले मन हाय. कोन खरं, ते तिले समजते."

मी तिचे हात खाली केले. आज मशीन आपल्या बाजूचं मानलं, तर काल ते त्यांच्या बाजूचं होतं हेही मानावं लागेल, एवढंच तिच्या कानात सांगितलं. तेवढ्यात सखारामजी तापले — "लोखंडाले कायचं मन बे?"

मी म्हटलं, "हेच अजून एकदा बोला, सखारामजी. अन् आमचं दळण नंबरानं घ्या."

सगळ्यांसमोर बोलले होते, फिरणार कुठे?

आता आमचं दळण तिथेच दळलं जातं. पट्टा अधूनमधून उतरतो, कोणाच्याही दळणाला. त्या दिवशीचं कारण मात्र ना मला सापडलं, ना धाडच्या मिस्त्रीला. माय अजून टोचते, "मंग पट्टा काऊन पडला?"

माहीत नाही. पण न कळलेल्या जागी मी मन बसवणार नाही. सखारामजींनी तिथे एकदा बसवलं होतं, त्याचं ओझं आमच्या बायांनी धाडपर्यंत वाहिलंय.